ठराव सभेचा, अंमल मुख्याधिकाऱ्यांचा : कोकणातील नगरपरिषदांच्या कारभाराची पार्श्वभूमी

कोकणातल्या कोणत्याही लहान नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत एक वाद हमखास निघतो. सभेने ठराव करून वर्ष उलटले तरी काम सुरू झालेले नाही, अशी नगरसेवकांची तक्रार असते. त्यावर प्रशासनाचे उत्तर ठरावाला तांत्रिक मान्यता नव्हती, निधी नव्हता किंवा तो विषय सभेच्या अधिकारातच नव्हता, असे असते. बाहेरून पाहणाऱ्याला हे व्यक्तींचे भांडण वाटते आणि काही वेळा ते तसे असतेही. परंतु त्याचे मूळ कारभाराच्या रचनेत आहे. निर्णय घेणारे आणि तो अमलात आणणारे यांची फारकत कायद्याने जाणीवपूर्वक केलेली आहे आणि ती आजच्या स्वरूपाला यायला शंभराहून अधिक वर्षे लागली आहेत.

मुंबई इलाख्यात नगरपालिकांची सुरुवात १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने झाली. गावकऱ्यांची इच्छा असेल तिथे स्वच्छता, दिवाबत्ती आणि रस्ते यांसाठी मंडळ नेमून कर बसवण्याची मुभा या कायद्याने दिली. कर कोणालाच नको असल्यामुळे अशी इच्छा फार थोड्या गावांनी दाखवली. त्या थोड्यांत पनवेल होते आणि तिथली नगरपालिका १८५२ पासूनची मानली जाते. अलिबागेत १८६४ मध्ये, तर रत्नागिरी आणि वेंगुर्ले येथे १८७६ मध्ये नगरपालिका आली. ही सारी गावे बंदराच्या किंवा घाटावरून उतरणाऱ्या मालाच्या वाटेवरची होती. पेठ होती म्हणून जकात मिळे आणि जकात होती म्हणून नगरपालिका चालू शके. सावंतवाडी आणि मुरुड मात्र संस्थानी हद्दीत असल्याने तिथल्या स्थानिक कारभाराची घडी वेगळी होती आणि १९४८ मधील विलीनीकरणानंतरच ती इतरांच्या रांगेत आली.

या आरंभीच्या नगरपालिकांत भूमिकांचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण सर्व भूमिका सरकारकडेच होत्या. १८७३ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यानुसार अध्यक्षस्थानी जिल्ह्याचा कलेक्टर असे आणि सभासद सरकारने नेमलेले असत. अध्यक्षच सरकारी अधिकारी असल्यामुळे निर्णय आणि अंमलबजावणी यांत अंतर पडत नसे. त्या काळच्या कारभाराचे कौतुक करणारे लोक आजही भेटतात, पण त्या कार्यक्षमतेत गावाला विचारण्याचा भाग जवळजवळ नव्हता हे ते सोयीने विसरतात.

लॉर्ड रिपनच्या सरकारने १८ मे १८८२ रोजी स्थानिक स्वराज्याबद्दलचा ठराव काढला आणि त्याने ही चौकट हलवली. शक्य तिथे अध्यक्ष बिनसरकारी असावा, निवडून आलेल्या सभासदांचे प्रमाण वाढावे आणि सरकारने आतून हुकूम सोडण्याऐवजी बाहेरून देखरेख ठेवावी, असे त्याचे सूत्र होते. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने निवडणुकीचे तत्त्व आणले. मतदानाचा हक्क अर्थातच मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता, त्यामुळे पहिल्या पिढीचे निवडून आलेले सभासद बहुतेक वकील, व्यापारी आणि जमीनदार होते. पुढे १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि व्यवस्थापक मंडळ अशी रचना पक्की केली. या रचनेत रोजचा कारभार अध्यक्ष आणि मंडळ पाहत असत आणि नोकरवर्ग त्यांच्या हाताखाली असे. १९२५ च्या बरो कायद्याने मोठ्या नगरपालिकांना स्थायी समिती आणि मुख्याधिकारी दिले, पण तो मुख्याधिकारीही नगरपालिकेनेच नेमलेला असे. थोडक्यात, स्वातंत्र्य येईपर्यंत लोकनियुक्त अध्यक्ष हाच कारभाराचा खरा धनी झाला होता.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा मुंबई भागात १९०१ आणि १९२५ चे कायदे, विदर्भात मध्यप्रांताचा १९२२ चा कायदा आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५६ चा कायदा अशी स्थिती होती. या सर्वांना बाजूला सारून १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम आला. पुढे नगरपंचायती आणि औद्योगिक नगरी यांची भर पडून त्याचे आजचे लांबलचक नाव तयार झाले. आज वेंगुर्ले असो वा श्रीवर्धन, सभेत ज्याची कलमे वाचून दाखवली जातात तो हाच कायदा. त्याने लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे तीन वर्ग केले. एक लाखाच्या वर ‘अ’, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’ आणि त्याखाली ‘क’. कोकण किनाऱ्यावरच्या बऱ्याच नगरपरिषदा शेवटच्या वर्गात मोडतात.

या अधिनियमाने केलेला सर्वांत मोठा बदल मुख्याधिकाऱ्याच्या पदाबाबतचा होता. मुख्याधिकारी राज्य शासन नेमू लागले, त्यांचा स्वतंत्र संवर्ग झाला आणि लोकसेवा आयोगामार्फत त्यांची निवड होऊ लागली. नगरपरिषदेचा नोकर असलेला हा अधिकारी शासनाचा प्रतिनिधी झाला. सभेचे निर्णय अमलात आणणे, नोकरवर्गावर नियंत्रण ठेवणे, नोटिसा काढणे, परवानग्या देणे आणि सभेपुढे येणाऱ्या विषयावर कायदेशीर मत नोंदवणे ही कामे त्याच्याकडे आली. तो सभेला हजर राहतो, खुलासा करतो, पण त्याला मत नाही. उलट बाजूला नगराध्यक्षाकडे सभेचे अध्यक्षपद, आर्थिक व कार्यकारी प्रशासनावर लक्ष ठेवण्याचा अधिकार आणि कलम ५८ खालील तातडीचे अधिकार राहिले. सभेची मंजुरी लागणारे काम आणीबाणीच्या प्रसंगी नगराध्यक्ष मंजुरीवाचून करायला सांगू शकतात, मात्र त्याची कारणे पुढच्या सभेला कळवावी लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन ते अलिबाग हा पट्टा झोडपला किंवा २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तशा वेळी सभेची नोटीस काढून आठवडाभर थांबणे शक्य नसते. तशा प्रसंगांसाठीच ही तरतूद आहे.

प्रत्यक्षात या वाटणीचा अनुभव कसा येतो हे एखाद्या साध्या विषयावरून समजते. समजा, मच्छी मार्केटातील ओट्यांचे भाडे वाढवायचे आहे. संबंधित विभागाचा लिपिक जुने दर, थकबाकी आणि सुचवलेले दर मांडून कार्यालयीन टिपणी तयार करतो. ती लेखापालाकडून मुख्याधिकाऱ्यांकडे जाते आणि त्यांच्या अभिप्रायासह नगराध्यक्षांसमोर येते. नगराध्यक्ष विषयपत्रिका मंजूर करतात. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी सदस्यांना मिळावी लागते. सभेत पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो आणि जाणत्या नगरसेवकांचे निम्मे लक्ष तिथेच असते, कारण आपण बोललो एक आणि लिहिले गेले दुसरे, ही तक्रार त्या टप्प्यावर केली नाही तर पुढे कोणी ऐकत नाही. त्यानंतर ओट्यांचा विषय पुकारला जातो. कोळीवाड्याच्या प्रभागातून आलेली नगरसेविका वाढीला विरोध करते, कोणी दर दोन टप्प्यांत वाढवण्याची उपसूचना मांडतो आणि शेवटी सूचक व अनुमोदक यांच्या नावांसह ठराव एकमताने वा बहुमताने लिहिला जातो.

इथपर्यंत नगरपरिषद हे सभागृह असते आणि पुढचे सारे मुख्याधिकाऱ्यांचे. ठराव कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताला बाधक आहे असे दिसल्यास कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. रिपनच्या ठरावातली बाहेरून देखरेखीची कल्पना आज या कलमात शिल्लक आहे. कोकणात अनेक नगरपरिषदांत हरलेला गट या कलमाखाली अर्ज करूनच घरी जातो, असे गमतीने म्हटले जाते आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

‘ऐनवेळच्या विषयां’चा उल्लेख केल्याशिवाय सभेचे वर्णन पुरे होणार नाही. विषयपत्रिकेवर नसलेली, पण निकडीची बाब अध्यक्षांच्या परवानगीने सभेपुढे आणण्याची ही प्रथा आहे. पाइपलाइन फुटली, शासनाचे तातडीचे पत्र आले, अशा कारणांसाठी तिचा उपयोग योग्यच आहे. पण सभा संपत आली, निम्मे सदस्य उठून गेले आणि मग भूखंडाच्या भाडेपट्ट्याचा किंवा मोठ्या खर्चाचा विषय पटकन मंजूर झाला, असे घडले की सात दिवसांच्या नोटिशीला अर्थ उरत नाही. माझ्या मते लहान नगरपरिषदांतील निम्म्याहून अधिक अविश्वास या एका सवयीतून जन्मतो.

कारभाराच्या वाटणीवर पैशाचाही परिणाम झाला. जकात होती तोवर नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न होते आणि त्या बळावर ती स्वतःचे निर्णय घेऊ शकत होती. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात शासनाचे सहाय्यक अनुदान सुरू झाले. लहान नगरपरिषदांत नोकरांचे पगार बहुतांशी याच अनुदानावर अवलंबून असतात. घरपट्टी आणि पाणीपट्टी वाढवण्याचे धाडस निवडणुकीच्या तोंडावर कोणी करीत नाही. परिणामी फेब्रुवारीअखेर मंजूर होणाऱ्या अंदाजपत्रकात मोठ्या कामांसमोर ‘शासन अनुदान’ एवढेच लिहिलेले असते आणि कोणते काम आधी व्हायचे हे सभेपेक्षा मंत्रालयातून निधी कोणत्या शीर्षाखाली येतो यावर ठरते.

दरम्यान राज्यघटनेतच बदल झाला होता. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपरिषदांना घटनात्मक दर्जा, पाच वर्षांची मुदत, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि महिला व मागासवर्गीयांसाठी राखीव जागा दिल्या. बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी आली, पण ते विषय प्रत्यक्षात सोपवणे राज्यावर सोडले. महाराष्ट्रात २०११ मध्ये महिलांचे आरक्षण निम्म्यावर गेले आणि नगराध्यक्षपदाचे आरक्षण मंत्रालयात सोडतीने ठरू लागले. निवडणुकीशिवाय सभेत घेतलेल्या स्वीकृत सदस्यांना चर्चेत भाग घेता येतो, मतदान करता येत नाही. निवडणुकीत पडलेल्या कार्यकर्त्याची सोय लावण्यासाठी या जागा वापरल्या गेल्या, हे सर्वांना ठाऊक आहे, तरी प्रशासनाचा अनुभव असलेली एखादी निवृत्त व्यक्ती त्यातून आली तर सभेचा दर्जा बदललेला दिसतो.

सर्वांत जास्त धरसोड झाली ती नगराध्यक्षाच्या निवडीबाबत. २००१ मध्ये थेट जनतेतून निवड आली. ती पुढच्या निवडणुकांपर्यंत टिकली नाही आणि नगरसेवकांनी अडीच वर्षांसाठी नगराध्यक्ष निवडण्याची पद्धत परतली. २०१६ मध्ये पुन्हा थेट निवड, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट, असा हा प्रवास आहे. प्रत्येक वेळी कारणे तात्त्विक दिली गेली आणि प्रत्येक वेळी सत्तेवरच्या पक्षांचे गणितही त्यात होते. नगरसेवकांतून निवड झाली की अडीच वर्षांत सहलीला नेलेले सदस्य आणि फुटलेले गट यांची चर्चा होते. थेट निवड झाली की नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे अशी स्थिती येऊ शकते, मग विषय समित्या एकाकडे आणि विषयपत्रिका दुसऱ्याकडे राहते. अशा ओढाताणीत मुख्याधिकाऱ्याचे वजन आपोआप वाढते. याउलट सभागृह आणि अधिकारी एका दिशेने चालले तर काय होते हे वेंगुर्ल्याने दाखवले. कचरा घरातच वेगळा करणे आणि प्लास्टिकवर कडक बंधने यांतून तिथली कचऱ्याची जागा लोक पाहायला येतात असे ठिकाण झाली.

२०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण आले, तेव्हा मंडणगड, कुडाळ, म्हसळा, पोलादपूर अशी गावे एका रात्रीत या कायद्याखाली आली. सरपंच आणि ग्रामसभा यांची सवय असलेल्या लोकांना सतरा नगरसेवकांची सभा आणि शासनाचा मुख्याधिकारी हा प्रकार नवा होता. ग्रामसभेत कोणालाही उठून विचारता येई, नगरपंचायतीच्या सभेत नागरिकाला बोलण्याचा अधिकार नाही. त्यातच एका मुख्याधिकाऱ्याकडे शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार असणे नित्याचे असल्यामुळे सही कोणत्या वारी मिळेल हेच आधी विचारावे लागते.

निर्णय आणि अंमल यांची फारकत पूर्ण मिटली ती प्रशासकांच्या काळात. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या रत्नागिरी, चिपळूण यांसारख्या नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या शेवटी संपली आणि इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकांची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला आणि २ डिसेंबर २०२५ रोजी बहुतेक नगरपरिषदांत मतदान झाले. मधल्या सुमारे चार वर्षांत सभेचे अधिकार प्रशासकाकडे होते. मुख्याधिकारीच प्रशासक असेल तिथे टिपणी त्याच्या कार्यालयाची, ठराव त्याचा आणि अंमलबजावणीही त्याचीच, अशी १८७३ च्या कलेक्टरी कारभारासारखी स्थिती झाली. सूचक, अनुमोदक आणि विरोध यांचे रकाने या काळातील ठरावांत नाहीत. या काळात झालेले करार, भाडेपट्टे आणि मंजूर झालेली कामे नव्या सभागृहांवर बंधनकारक आहेत. ती पुन्हा तपासायची असतील तर नगरसेवकांना विषयपत्रिकेवर विषय घेण्यापासून सुरुवात करावी लागेल आणि त्यासाठी लागणारी टिपणी पुन्हा मुख्याधिकाऱ्यांच्याच कार्यालयातून यावी लागेल.