शिबंदी व चढाईची फौज (संगणकीय खेळ)

पाळीपाळीने खेळायच्या युद्धखेळांत शहरे राखायला किती सैन्य ठेवायचे आणि शत्रूवर किती न्यायचे, याची वाटणी. ठाण्याच्या राखणीस ठेवलेल्या सैन्यासाठीचा ‘शिबंदी’ हा शब्द फार्सी ‘सिहबंदी’वरून आला असावा. ‘सिह’ म्हणजे तीन, म्हणून तिमाही पगारावरचे शिपाई, अशी व्युत्पत्ती सांगतात.

या वाटणीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. काही जण तो फ्रान्सिस ट्रेशम यांच्या ‘सिव्हिलायझेशन’ या पटखेळात (१९८०) पाहतात. तेथे शहरावर हल्ला करायला किमान सात सोंगट्या लागतात आणि शहराच्या जागी बचावाला सहा येतात. मात्र तेथे शिबंदी आपोआप मिळते, खेळाडूला ती ठेवावी लागत नाही. वॉल्टर ब्राइट यांचा ‘एम्पायर’ हा संगणकीय खेळ (१९७७ च्या सुमारास) अधिक जवळचा वाटतो. त्याच्या प्रचलित आवृत्त्यांत शहर जिंकणारी फौज त्याच शहराच्या बंदोबस्तात खर्ची पडते. प्रत्येक विजयाने चढाईचे बळ घटते; प्रश्नाचे मूळ रूप हेच.

सिड मायर यांच्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये (१९९१) ते आकड्यांत उतरले. फॅलँक्सचा (भालाईत पायदळाची तुकडी) हल्ला १ व बचाव २, तर कॅटपल्टचा (दगड फेकणारे वेढ्याचे यंत्र) हल्ला ६ व बचाव १. तटबंदीने बचाव तिप्पट होतो, म्हणजे सपाट जमिनीवरच्या तटबंद शहरातला एक साधा फॅलँक्स कॅटपल्टच्या बरोबरीला येतो. उघड्यावर एका चौकटीत उभ्या सैन्यातील बचाव करणारी तुकडी हरली की सगळे सैन्य नष्ट होते. शहरात किंवा किल्ल्यात मात्र एकच तुकडी जाते. त्यामुळे शिबंदी स्वस्त पडते आणि कूच करणारी फौज सदैव जोखमीत असते. हा नियम कठोर असला तरी खेळाचा तोल त्यानेच सांभाळला आहे. राज्यपद्धतीही त्यात भर घालते: लोकशाहीत शहराबाहेरची प्रत्येक तुकडी दोन नागरिकांना नाराज करते, प्रजासत्ताकात एकाला. राजेशाहीत उलट, ठाण्यातील शिपाई असंतोष दाबून ठेवतात. तेथे शिबंदी शत्रूइतकीच प्रजेसाठीही लागते.

मायर यांच्या या मालिकेच्या चौथ्या भागात (२००५) हल्ला व बचाव यांचे वेगळे आकडे जाऊन एकच बळ आले आणि निवड बढतीकडे, म्हणजे अनुभवी तुकडीला मिळणाऱ्या खास कौशल्याकडे, सरकली. ‘सिटी गॅरिसन’ (शहराचा बचाव) ही बढती धनुर्धाऱ्यांना, तर ‘सिटी रेडर’ (शहरावर हल्ला) तलवारबाजांसारख्या पायदळाला व वेढ्याच्या यंत्रांना मिळते. दोन्हींच्या पहिल्या पायरीला २० टक्के लाभ आहे. एकदा बढती दिली की तुकडीचे काम जवळजवळ कायमचे ठरते.

पाचव्या भागात (२०१०) एका चौकटीत एकच लढाऊ तुकडी राहू लागली आणि शहर स्वतःच मारा करू लागले. सहाव्यात (२०१६) त्यासाठी आधी तट बांधावा लागतो.