इंजिन (शब्दार्थ)

इंजिन : वाफ, डिझेल किंवा पेट्रोल यांच्या शक्तीवर चालणारे यंत्र हा या इंग्रजी शब्दाचा रूढ अर्थ. मूळ अर्थ मात्र अक्कल. लॅटिनमधील ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत उतरला तेव्हा हुशारी, डावपेच, कपट आणि हुशारीने घडवलेले साधन हे सगळे अर्थ त्यात एकत्र नांदत होते. पुढे लोखंड उरले, लबाडी गळाली.

तटाला भगदाड पाडणारी, धोंडे फेकणारी यंत्रे म्हणजे इंजिने आणि ती रचणारा तो इंजिनियर. या जुन्या अर्थाने, संभाजीराजांनी १६८२ मध्ये जंजिऱ्यापर्यंत समुद्रात भराव टाकून वाट बांधायला घेतली, ते पुरेपूर इंजिनियरचे काम म्हणावे लागेल. डावही तोच, बांधकामही तेच.

शब्दाचे पहिले अक्षर झडून ‘जिन’ झाले. त्याचा एक अर्थ सापळा. कोकणात रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी अधूनमधून येते. ती फासकी या जिनच्याच जातीची. सरकी काढायच्या यंत्रालाही हेच नाव मिळाले. वऱ्हाड-खानदेशात ‘जिनिंग’ सर्वांच्या तोंडी आहे. कोकणात कापूसच नाही, तर शब्द कुठून असणार!

वाफेचे इंजिन कोकणपट्टीत लवकर पोचले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली. लोकांनी तिला दिसले तेच नाव दिले : आगगाडी. तळकोकणाला मात्र सलग रेल्वेसाठी २६ जानेवारी १९९८ पर्यंत थांबावे लागले. तोवर इंजिन म्हणजे विहिरीवरचा डिझेल पंप, नाहीतर मच्छीमार होडीतले यंत्र. त्याआधी वाड्यांचे शिंपणे रहाटावर किंवा लाटेवर चाले. लाट म्हणजे लांब दांडा, एका टोकाला धोंड्याचे वजन, दुसऱ्याला पोहरा. ‘सर्च इंजिन’मध्ये तर लोखंडाचा तुकडा शोधून सापडायचा नाही, शब्द फिरून अकलेकडे आला आहे.

मराठीत या जुन्या इंजिनाचा खरा जोडीदार ‘यंत्र’ नव्हे, ‘कळ’. बंदुकीची कळ दाबतात आणि कुणाची कळ काढतात. भांडणे लावणारा कळलाव्या, अडलेल्या वाटाघाटीतला मुद्दा कळीचा. (पोटात येणारी कळ वेगळी.) साधन आणि कारस्थान या शब्दात अजून शेजारी राहतात. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत दोऱ्यांवर नाचवतात त्या बाहुल्यांच्या नावातही तो आहे : कळसूत्री. तेथील परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या माणसालाही मराठीत कळसूत्री बाहुलेच म्हणतात.