सरळीकरणानंतरचे केशसंक्रमण

रासायनिक प्रक्रियेने कायमचे सरळ केलेले केस टप्प्याटप्प्याने कापत जाऊन मुळाशी नव्याने उगवणारे, जन्मजात वळणाचे केस वाढवण्याची पद्धत. शहरी बोलीत तिला ‘ट्रान्झिशनिंग’ म्हणतात. ‘केस परत कुरळे होणे’ हा रूढ शब्दप्रयोग काटेकोर नाही. सरळ झालेला केस पुन्हा वळत नाही. तो कापला जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो.

रसायन : केसाचा दांडा केराटिन या प्रथिनाचा बनलेला व निर्जीव असतो. सिस्टीन या ॲमिनो अम्लातील गंधकाच्या जोडअणूंचे बंध त्याचे वळण धरून ठेवतात. ते मोडण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिलीत सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक सोडा) किंवा ग्वानिडीन हायड्रॉक्साइड वापरतात. मलमाचा सामू (pH) 12 च्या वर, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो. जोडीतला गंधकाचा एक अणू निघून जातो आणि सुमारे एक-तृतीयांश सिस्टीनचे लॅन्थिओनीन होते. हे संयुग हॉर्न, जोन्स व रिंगेल यांनी 1941 मध्ये अल्कधर्मी द्रावणाने प्रक्रिया केलेल्या लोकरीतून वेगळे केले. नावही लोकरीच्या लॅटिन शब्दावरून पडले. हा बदल उलटवता येत नाही. दुसऱ्या रीतीत थायोग्लायकोलेटने बंध सोडवतात, तापलेल्या इस्त्रीने केस सपाट करतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध नव्या स्थितीत पुन्हा जोडतात. ‘रिबाँडिंग’ व ‘स्ट्रेटनिंग’ ते हेच. ‘स्मूदनिंग’ हा त्याचा सौम्य अवतार. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी पार्लरमध्ये लग्नसराईच्या आधी जे केले जाते ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे. हायड्रॉक्साइड लावलेल्या केसांवर थायोग्लायकोलेट लावले तर केस तुटतात, म्हणून आधी कोणते क्रीम लागले होते हे सांगणे महत्त्वाचे. ‘केराटिन’ नावाने होणारा लेप काही महिन्यांत उतरतो, त्यामुळे तो या नोंदीच्या कक्षेबाहेर पडतो. मात्र अशा काही लेपांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये त्याला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे.

उगम : सरळीकरणाच्या मलमाचे जनकत्व सामान्यतः अमेरिकन कृष्णवर्णीय संशोधक गॅरेट मॉर्गन (1877–1963) यांना दिले जाते. शिवणयंत्राच्या सुईसाठी वंगण शोधताना हाताला लागलेले द्रावण कापडावर पुसले आणि कापडाचे उभे धागे सरळ झाले, अशी कथा आहे. घटनेची साले 1905 पासून 1913 पर्यंत वेगवेगळी दिली जातात. त्यांच्या केशप्रसाधन कंपनीचे 1913 हे वर्ष त्यातल्या त्यात भरवशाचे वाटते. कथेचा तपशील मागाहून रंगवलेला असावा. अमेरिकन कृष्णवर्णीय केशप्रसाधन उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर (1867–1919) यांनी तापवायचा कंगवा शोधला, हे विधानही बऱ्याच ठिकाणी आढळते. तसा कंगवा फ्रान्समध्ये त्याआधीच वापरात होता. नैसर्गिक केसांकडे वळण्याची लाट अमेरिकेत 1960 च्या दशकातील कृष्णवर्णीय चळवळीबरोबर आली आणि 2000 नंतर पुन्हा उसळली. केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये केला. आपल्याकडे मोबाइलवर फिरणारा सल्ला बव्हंशी त्या लाटेतला आहे. तो घट्ट स्प्रिंगसारख्या, हायड्रॉक्साइड लावलेल्या केसांसाठी आहे. आपल्याकडच्या लहरदार केसांना तो जसाच्या तसा लावू नये.

कालावधी : केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वर्षाला जेमतेम पाऊण वीत वाढतो. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन वर्षे, कंबरेपर्यंतच्या वेणीला चार-पाच वर्षे लागतात. या काळात एकाच केसाचे दोन स्वभाव दिसतात : भांगापासून चार बोटे वळणदार, पुढे वाळल्या गवतासारखा सरळसोट. नव्या-जुन्याचा हा सांधा सगळ्यात कच्चा असतो आणि ओल्या केसांत कंगवा अडकला की तिथेच तुटतो. एकदाच सगळे कापून टाकणे (‘बिग चॉप’) शास्त्रदृष्ट्या सोपे. पण जिथे बाईचे केस उतरणे वैधव्याच्या केशवपनाशी जोडले गेले होते, तिथे घरातून विरोध होणे साहजिक आहे. या केशवपनाविरुद्ध कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी 1890 मध्ये संप केला होता.

विदर्भातील परिस्थिती : पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात (अकोला, अमरावती, बुलढाणा) विहिरी-बोअरचे पाणी खारट असते. त्यात साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. रिठा-शिकेकाईतील सॅपोनिने (फेस आणणारी द्रव्ये) साबणासारखी साका धरत नाहीत, म्हणून तिथे ती अधिक उपयोगी. पावसाळ्यात पत्र्याच्या कडेखाली बादली लावून त्या पाण्याने डोक्यावरून न्हाणे हा अनेक घरांतला जुना उपाय. खोबरेल तेल केसाच्या आत शिरून प्रथिनाची झीज कमी करते, सूर्यफुलाचे व खनिज तेल तसे करत नाही, असे 2003 मधील एका भारतीय अभ्यासात दिसले.

जवस हे विदर्भातले जुने पीक; चटणीला लागणारे तेच दाणे वळण धरून ठेवणाऱ्या जेलला चालतात. एक वाटी दाणे सात-आठ वाट्या पाण्यात उकळावेत. पळीवरून तार सुटू लागली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळावे. थंड झाल्यावर ते फडक्यातून उतरत नाही. मे महिन्यात, फ्रिज नसेल तर दुसऱ्याच दिवशी आंबते.

कुरळे केस कोरडे असताना विंचरू नयेत, असा आजचा सल्ला. घरातली आजी मात्र ‘झिपऱ्या सोडू नोको, जट होईन’ म्हणून फणी घेऊन मागे लागते. तिची धास्ती अगदीच निराधार नाही : न विंचरलेल्या केसांत गुंता होऊन जट होते, आणि देवीची म्हणून ती राखली जाते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा जटा कापण्याचे काम करतात. तोडगा साधा आहे : न्हाताना, केस ओले व निसरडे असताना, जाड दातांच्या फणीने टोकाकडून वर सोडवत जावे.

शेगाव तालुक्यातील काही गावांत 2024 च्या अखेरीपासून अचानक सुरू झालेल्या केसगळतीचा सरळीकरणाशी संबंध नव्हता. तिथे पुरुष व मुलांचेही केस गेले. आधी पाण्यावर संशय होता, पुढे गव्हातील जादा सेलेनियमचे कारण मांडले गेले.

पुरुषांत केस आखूड असल्याने संक्रमण दोन-तीन कटिंगांत आटोपते.