जुन्या गॉगलच्या काचेतला ताण

गॉगलची काच बदलून घेतली की बहुतेक लोक एकच गोष्ट तपासतात: ती हलते का? हलत नसेल तर काम चोख. संग्रहासाठी जपलेल्या जुन्या धातूच्या एव्हिएटरला, म्हणजे थेंबाच्या आकाराच्या काचांच्या गॉगलला, ही परीक्षा महागात पडते.

रे-बॅन हे नाव अमेरिकेच्या बॉश अँड लाँब कंपनीने १९३७ मध्ये बाजारात आणलं. १९५३ मध्ये त्यांची करडी-हिरवी जी-१५ काच आली; दृश्य प्रकाशापैकी साधारण १५ टक्केच ती पलीकडे जाऊ देते. १९९९ मध्ये रे-बॅन इटलीच्या लक्सॉटिकाकडे गेलं. त्याआधीच्या बऱ्याच काचांवर बिजागरीजवळ ‘बीएल’ अशी बारीक अक्षरं कोरलेली दिसतात आणि संग्राहक त्यांच्यावर जीव टाकतात. तेव्हा मूळ काचेवर ओरखडे असले तरी ती फेकू नका.

आता मुद्द्याचं. काचेभोवतीची धातूची कडी अखंड नसते. बिजागरीजवळ ती कापलेली असते आणि एक इवलासा स्क्रू तिची दोन टोकं जवळ ओढतो. काच केसभर मोठी कापली गेली, की टोकं भिडत नाहीत. मग स्क्रू आणखी आवळला जातो. टोकं भिडतात, काच जराही हलत नाही, गिऱ्हाईक खूश! पण काच आता कायमची दाबाखाली आहे. कधी कडेचा टवका उडतो, कधी पुढे एखाद्या हलक्या धक्क्यानेही तडा जातो. फायबरची काच तडकण्याऐवजी वाकते, शिवाय उन्हात ती खऱ्या काचेच्या साधारण दहापट प्रसरण पावते.

हा दाब चक्क डोळ्यांनी पाहता येतो, आणि मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५-१६ च्या सुमारास दाखवलं, की दाबलेली काच प्रकाशाला सगळ्या दिशांनी सारखी वागवत नाही. दाबाच्या दिशेने कंप पावणारा प्रकाश आणि त्याला काटकोनात कंप पावणारा प्रकाश, यांचा काचेतला वेग वेगळा होतो. बाहेर पडताना एक किंचित मागे राहतो. दोन मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेत १० मेगापास्कल (दाब मोजायचं एकक) ताण असेल, तर हे अंतर सुमारे ५४ नॅनोमीटर भरतं, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा जेमतेम दहावा भाग. नुसत्या डोळ्याला ते कळत नाही. पण काचेत शिरणारा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा असेल आणि पलीकडे ध्रुवक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी काच) आडवा धरला, तर ताण नसलेला भाग काळा राहतो आणि ताण असलेला उजळतो. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकमध्ये हाच परिणाम पंचवीस-तीसपट मोठा असल्याने थेट रंगीत पट्टे उमटतात.

घरी करायचं तर लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करा. त्याचा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. समोर पोलराइज्ड गॉगलची काच (हाच आपला ध्रुवक) धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवा. मग मधे आपला एव्हिएटर धरा. स्क्रूजवळ किंवा कडेला उजळ डाग दिसले, तर काच आवळली गेली आहे. स्क्रू सैल केल्यावर डाग विरले, की निदान पक्कं.

मात्र उष्णतेने कडक केलेल्या काचेत, कडीबाहेर काढली तरी, फुलीसारखी आकृती दिसते. त्या काचेचा पृष्ठभाग दाबलेला आणि गाभा ताणलेला असतो. अशी काच मोठी झाली म्हणून कड घासून लहान करायला जाल, तर समतोल बिघडून ती फुटू शकते. आधी मापात कापायची, मग कडक करायची, असाच क्रम लागतो. अमेरिकेत १९७२ पासून चष्म्याच्या काचा आघात सोसणाऱ्या असणं सक्तीचं झालं. त्याआधीची काच कडक केलेली असेलच असं नाही.

रंगाबद्दल एवढंच, की काच काळी म्हणून अतिनील किरण अडतात असं नाही. आणि डोळे आलेल्या माणसाने काळा गॉगल लावल्याने साथ थांबत नाही! ती नजरेतून पसरत नाही. हात, रुमाल, टॉवेल यांतून पसरते.

नवी काच स्वतःच पोलराइज्ड घेणार असाल, तर लॅपटॉपची ही युक्ती सरळ चालणार नाही. अशा वेळी काच घट्ट बसवून घेण्याआधी, स्क्रू बोटांच्या जोराने फिरवून कडीची टोकं भिडतात का, ते समोर उभं राहून पाहा.