पॉलिअ‍ॅनिलीन

अ‍ॅनिलीन या सेंद्रिय द्रवाचे रेणू साखळीने जोडून बनणारे वीजवाहक बहुवारिक (पॉलिमर). आम्ल, अल्क व विद्युत्‌दाब यांनुसार त्याचा रंग आणि रोध बदलतो; म्हणून विद्युत्‌घट व वायुसंवेदक या दोन्हींसाठी ते अभ्यासले जाते.

उन्व्हरडॉर्बेन यांनी १८२६ मध्ये निळीच्या ऊर्ध्वपातनातून अ‍ॅनिलीन मिळवले. ‘अ‍ॅनिलीन’ हे नाव फ्रित्शे यांनी दिले. ते ‘अनिल’ या निळीच्या पोर्तुगीज शब्दावरून आले असून तो अरबीमार्गे आपल्याच ‘नील’पाशी पोहोचतो. बहुवारिकाच्या शोधाबाबत मतभेद आहेत. रुंगे यांना १८३४ च्या सुमारास अ‍ॅनिलिनाच्या लवणावर तांब्याच्या क्लोराइडाची क्रिया होऊन हिरवट-काळा डाग दिसला. काही अभ्यासक आरंभ तेथे धरतात. लेदबी यांनी १८६२ मध्ये अ‍ॅनिलिनाच्या आम्लधर्मी द्रावणातून वीज सोडून प्लॅटिनमच्या धनाग्रावर गडद थर चढवला. बहुवारिक ही कल्पना दोघांपाशीही नव्हती. तरी आजचे विद्युत्‌रासायनिक थर याच रीतीने बनतात हे पाहता लेदबी यांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

लाइटफुट यांच्या १८६३ च्या पेटंटाने हा काळा रंग सुतावर आला. त्यात एक खोड होती : आम्लधर्मी वाफ लागली की काळे कापड हिरवे पडे. रंगाऱ्याच्या दृष्टीने हा दोष. संवेदकाचे तत्त्व मात्र हेच.   

साखळी निम्मी ऑक्सिडीभूत असता तिला एमराल्डीन म्हणतात. अल्करूपात ती निळी व जवळजवळ वीजरोधक असते. आम्लातील प्रोटॉन नायट्रोजनाशी जोडले गेले की हिरवी होऊन वीज वाहू लागते. अमोनिया हे प्रोटॉन काढून घेतो, त्यामुळे रोध वाढतो. वायू हटवल्यावर थर बराचसा पूर्ववत होतो. मात्र हवेतील ओलाव्यानेही वाहकता बदलत असल्याने पावसाळ्यात मापन जपून करावे लागते.

घटातील उपयोग जोझेफोविच यांच्या गटाने १९६० नंतरच्या दशकात सुचवला. साखळीतील दर अ‍ॅनिलीन-एककास एक इलेक्ट्रॉन धरल्यास धारिता (विद्युत्‌भार साठवण्याची क्षमता) ग्रॅममागे सुमारे २९४ मिलिअँपिअर-तास निघते. व्यवहारात साधारण निम्मीच हाती लागते, कारण पूर्ण ऑक्सिडीभूत साखळी पाण्याने तुटत जाते. प्रत्येक भरण-विसर्जनात थर फुगतो व आकसतो; यास्तव त्याला कार्बन नलिका वा ग्रॅफीन (कार्बनाचा एका अणूइतका पातळ पत्रा) यांचा आधार देतात.