धापणारी कोंबडी आणि पातळ कवचाचं अंडं

मेच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे खुराड्यात हात घातला आणि बाहेर काढला तो बलकाने माखलेला. मागे पाटी धरून उभ्या असलेल्या नातीला त्या म्हणाल्या, "नुसतं धरलं तर फुटलं बघ. कवच हाय का कागद?" मुलीने ते फुटकं टरफल तळहातावर घेतलं, चिमटीत दाबलं, आणि खरोखरच ते कागदासारखं वाकलं.

कोंबडी तीच होती, खाणंही तेच. ज्वारी, तांदळाच्या कण्या आणि उकिरड्यावर मिळेल ते. शिमग्याच्या सुमाराला याच कोंबडीचं अंडं तव्याच्या कडेवर दोनदा आपटल्याशिवाय फुटत नव्हतं. आम्ही पाटण तालुक्यात राहतो. परसात सात कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. सासूबाईंचा तोडगा ठरलेला होता, पाण्यात चुन्याची निवळी घालायची. ती आम्ही घातली. अंडी पातळ ती पातळच राहिली. या कोड्याचं उत्तर खुराड्यात नव्हतं. ते दुपारी दोन वाजता फणसाच्या सावलीत चोच उघडी टाकून बसलेल्या कोंबड्यांच्या श्वासात होतं.

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं. माणसाला एवढा ताप चढला तर आपण दवाखाना गाठू. तिला घामाच्या ग्रंथी नसतात, वर पिसांची गोधडी. थंडीत उपयोगी पडणारी ही गोधडी वैशाखात अंगावेगळी करता येत नाही. मग ती पंख अंगापासून लांब धरते, कारण पंखाखालच्या भागात पिसं विरळ असतात. डोक्यावरचा तुरा आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या यांतला रक्तपुरवठा वाढतो आणि तिथून उष्णता बाहेर पडते. पण ही युक्ती चालते ती हवा अंगापेक्षा बरीच गार असेपर्यंतच. पारा चाळिशीला टेकला की हवेत आणि तिच्या अंगात जेमतेम एक-दोन अंशांचा फरक उरतो. तेव्हा हाताशी उपाय राहतो एकच, पाण्याची वाफ करणं. त्यासाठी ती धापा टाकते.

इथे थोडा हिशेब करून पाहू. 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. म्हणजे 10 ग्रॅम पाणी, चहाचे दोन चमचे फक्त, वाफ होऊन गेलं तर जवळपास 6 किलोकॅलरी सोबत घेऊन जातं. दीड किलोच्या कोंबडीचं अंग 1 अंशाने तापायला साधारण सव्वा किलोकॅलरी पुरते. त्या दोन चमच्यांत चार अंशांपेक्षा जास्त ताप उतरवण्याची ताकद आहे. म्हणून उन्हाळ्यात पाण्याच्या भांड्याला मी खाण्याच्याही आधी मान देते. एरवी कोंबडी जेवढं खाते त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं पाणी पिते. कडक उन्हात हे प्रमाण आणखी दुपटीवर जातं. भांडं दुपारी तासभर जरी कोरडं राहिलं तरी तिचा गार होण्याचा एकुलता एक मार्ग बंद पडतो.

पण या धापेची किंमत मोजावी लागते. शांत बसलेली कोंबडी मिनिटाला वीस-तीस श्वास घेते. धापताना हा आकडा दोनशेच्या वर जाऊ शकतो. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वाफ जाते, तसा कार्बन डायऑक्साइडही जातो, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. हा वायू म्हणजे निव्वळ कचरा, असं आपण शाळेत शिकतो. अंडं घालणाऱ्या कोंबडीला मात्र तो कच्चा माल आहे.

अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. शहाबादी फरशी असते तो चुनखडक आणि शिंपला हे दोन्ही याच कुळातले. या पदार्थाच्या वजनात कॅल्शियमचा वाटा 40 टक्के आणि कार्बोनेटचा 60 टक्के. 5 ग्रॅमच्या कवचात 2 ग्रॅम कॅल्शियम आणि 3 ग्रॅम कार्बोनेट. (गावरान अंडं लहान असतं, तिथे दोन्ही आकडे थोडे खाली येतील.) कॅल्शियम खाण्यातून आणि हाडांतून येतं. कार्बोनेट कुठून येतं? कोंबडीने शिंपला खाल्ला तरी त्यातलं कार्बोनेट जठरातल्या आम्लात वायू होऊन निघून जातं. कवचातलं कार्बोनेट तयार होतं ते तिच्या स्वतःच्या शरीरात अन्न जळून निर्माण झालेल्या आणि रक्तात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून. कवचाचा निम्म्याहून जास्त भाग असा तिच्या श्वासाचा बनलेला असतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अंडं हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

कवच चढायला सुमारे 20 तास लागतात आणि त्यातला बराचसा काळ रात्रीचा असतो. दिवसभर धापून रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटलेला असतो, रक्त अल्कधर्मी झालेलं असतं. अशा रक्तात कॅल्शियमचाही मोठा भाग प्रथिनांना चिकटून बसतो, मोकळा मिळत नाही. शिवाय शरीर गार ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे आणि तुऱ्याकडे वळवलेलं, त्यामुळे अंडनलिकेच्या वाट्याला ते कमी येतं. वर खाणंही मंदावलेलं. एवढ्या बाजूंनी टंचाई आली की कवच पातळ होणारच. निवळी कमी पडते ती यामुळे. ती कॅल्शियम देते, श्वासावाटे गेलेलं काही परत आणत नाही. 1980च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी उन्हाळी तापमानात ठेवलेल्या कोंबड्यांना साध्या पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं पाणी, म्हणजे आपलं सोडा वॉटर, पाजून पाहिलं. कवचं सुधारली. घरी कोणी कोंबड्यांना सोडा पाजावा असं मी म्हणणार नाही, पण कवचाची वाट श्वासातून जाते हे त्या प्रयोगाने फार सुंदर दाखवलं.

आम्ही केलं ते साधंच होतं. पत्र्याच्या खुराड्यावर नारळाच्या झावळ्या आणि त्यांवर गोणपाट टाकलं, कारण तापलेला पत्रा दिवेलागणीनंतरही वरून शेकत राहतो. दुपारचं खाणं बंद केलं. दाणे पचवताना शरीरात उष्णता तयार होते, आणि ती उष्णता ऐन दोनच्या उन्हात नको. आता पहाटे फटफटायच्या आत एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा असं दोनदा खायला टाकतो. संध्याकाळच्या दाण्यांत शिंपल्याचा चुरा मिसळतो, म्हणजे रात्री कवच चढत असताना पोटात कॅल्शियम असतं. ते नसलं तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. तिच्या सगळ्या सांगाड्यात मिळून कॅल्शियम सुमारे 20 ग्रॅम. मोठ्या अंड्याला त्यातले 2 ग्रॅम लागतात. एका अंड्यासाठी सांगाड्याचा दहावा हिस्सा! लांब हाडांच्या पोकळीत तिने यासाठी वेगळा साठा केलेला असतो, पण तोही रोज भरावा लागतो. टरफलंच परत घालायची असतील तर वाळवून बारीक कुटून घाला. अंड्याचा आकार ओळखू आला तर कोंबड्यांना अंडी फोडून खायची खोड लागते.

गोणपाट भिजवण्याबद्दल मात्र जपून बोलायला हवं, कारण जो सल्ला आम्हाला लागू पडतो तो रत्नागिरीतल्या माझ्या बहिणीला पडत नाही. आमच्याकडे मेच्या दुपारी हवा कोरडी असते. 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक 22 अंशांच्या आसपास येतो. तिच्याकडे पारा 33च दाखवतो, पण आर्द्रता 75 टक्के असेल तर तोच ओला तापमापक 29च्या खाली उतरत नाही. वाफ होऊन गारवा मिळण्याची मर्यादा ती. माठातलं पाणी देशावर गार होतं आणि कोकणात होत नाही, याचं कारणही हेच. दमट हवेत गोणपाट भिजवून आपण कोंबडीची धाप आणखी निकामी करतो. तिथे मोकळा वारा आणि दाट सावलीच खरी. घरातल्या माठाचं पाणी गार लागेना झालं, की समजावं, कोंबड्यांनाही आज जड जाणार.

याच गडबडीत आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली. अंडी घालणं बंद, पिसं फुलवून एका जागी बसणं, जवळ गेलं की कुरकुरणं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की असं होतं. पोटावरची पिसं झडतात, तिथली उघडी, रक्ताने भरलेली कातडी थेट अंड्याला टेकते. खुडूकपण मोडण्यासाठी काही ठिकाणी तिच्या नाकात पीस खुपसतात. हा निव्वळ छळ आहे, कुणी करू नये. घरट्यापासून लांब, खालून वारा लागेल अशा जाळीवर दोन-चार दिवस ठेवली तरी पोटाला गारवा लागून आणि घरटं सुटून प्रोलॅक्टिन उतरतं.

आम्हाला तिचं खुडूकपण मोडायचं नव्हतं, तिला रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायचं होतं. अडचण होती अंड्यांची. कोंबडा सोबत असलेल्या कोंबडीच्या अंड्यात, ते घातलं जाण्याआधीच, हजारो पेशींचं एक चकतीसारखं बीज तयार असतं. अंडं बाहेर येऊन गार झालं की त्याची वाढ थांबते आणि ऊब मिळेपर्यंत ते वाट पाहतं. ही थांबण्याची सीमा 20 ते 27 अंशांच्या मध्ये कुठेतरी मानली जाते. मेमध्ये आमच्या माजघरातही रात्री 28 अंश असतात. म्हणजे टोपलीत ठेवलेल्या अंड्यात कोणी न उबवताच वाढ सुरू होते, तीही धड नाही, अर्धवट. असा गर्भ काही दिवसांत मरतो. उन्हाळ्यात फोडलेल्या अंड्यात कधी लाल कडं दिसतं ते याचंच. सासूबाई रवणीची अंडी माठाखालच्या ओल्या वाळूत टोपली रुतवून ठेवतात, आणि आठवड्यापेक्षा जुनं अंडं घेत नाहीत. त्यांच्या आईची रीत होती ती. मी तिथे तापमापक ठेवून पाहिला, 24 भरले.

14 मेला नऊ अंडी पाटीत ठेवली आणि पाटी पत्र्याखालून उचलून पडवीच्या शेणाने सारवलेल्या कोपऱ्यात आणली. गर्भाला साधारण साडेसदतीस अंश हवे असतात. चाळिशीच्या वर काही तास गेले तर तो दगावतो. तांबडी दिवसातून एकदाच, दहा-पंधरा मिनिटं उठायची, पाणी प्यायची, राखेत लोळायची आणि परत. दुपारी अंड्यांवर बसूनच धापायची. तिच्याकडे बघवत नसे. मुलगी तिच्या चोचीजवळ वाटीतून पाणी धरायची. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीपुढे अंडी धरून पाहिली. सातांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा होत्या, दोन कोरी.

पिल्लांसाठी मात्र हाच ऋतू सोयीचा. पहिले काही आठवडे त्यांना स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. पहिल्या आठवड्यात भोवती 32 ते 35 अंश लागतात, आणि तेवढे या दिवसांत फुकट मिळतात. धास्ती असते ती पावसाची. भिजलेलं पिल्लू गारठून मरतं.

3 जूनच्या रात्री वळीव आला. पत्र्यावर पाण्याचा आवाज, मातीचा वास, दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांचा ढग. हवा उतरली तशी पडवीतल्या तांबडीची चोच कित्येक दिवसांनी मिटलेली दिसली. पाऊस थांबल्यावर मुलीने पाटीशी कान नेला. बाहेर यायच्या साधारण एक दिवस आधी पिल्लू अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घुसवतं, फुप्फुसांनी पहिला श्वास घेतं, आणि कवचाच्या आतूनच बोलू लागतं.

"आज्जी, आतून कोण तरी चिवचिवतंय," ती कुजबुजली. तांबडीने घशातल्या घशात बारीक आवाज काढला, आणि पोटाखालून उत्तर आलं.