मरियानाच्या गर्तेजवळचं शंभर कोटी वर्षांचं चिपाड

सह्याद्रीचा बेसाल्ट आपण रोज पाहतो. असा बेसाल्ट ज्याच्या वितळण्यातून निघतो तो प्रावरणाचा खडक, पेरिडोटाइट, मात्र क्वचितच हाती लागतो, कारण प्रावरण कवचाखाली किलोमीटर-किलोमीटर दडलेलं असतं. जपानपासून ग्वामपर्यंतच्या इझू-बोनिन-मरियाना पट्ट्यात ते समुद्रतळावर येतं. तिथे पॅसिफिक भूपट्ट फिलिपीन समुद्राच्या भूपट्टाखाली शिरतो आणि जाता जाता पाणी सोडतो. ते पाणी वरच्या पेरिडोटाइटमध्ये मुरलं की त्याचं सर्पेंटाइन हे पाणी धरलेलं खनिज होतं. हा हलका, चिखलासारखा माल मूळ खडकाचे तुकडे घेऊन वर येतो आणि गर्तेच्या कडेला डोंगर उभारतो. कोनिकल सीमाउंट त्यातलाच एक.

१९८९ साली 'जॉइडीस रेझोल्यूशन' जहाजाने ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमच्या १२५व्या मोहिमेत तिथे आणि तोरिशिमा या जपानी बेटाजवळ समुद्रतळ खोदला. वर आलेला पेरिडोटाइट म्हणजे उसाचं चिपाड, वितळण्याजोगं त्यात फारसं उरलंच नव्हतं. हा पट्टा घडू लागला तेव्हा, चार-पाच कोटी वर्षांपूर्वी, शिलारस निघून गेला आणि हे मागे राहिलं, असा सरळ हिशेब होता. बोनिन बेटांवरून नाव पडलेला बोनिनाइट हा त्याच काळचा रस.

हिशेब तपासायचा कसा? खडकांचा इतिहास वाचायला एरवी वापरली जाणारी स्ट्राँशियम आणि निओडिमियम ही मूलद्रव्यं वितळताना रसाबरोबर निघून जातात. शिवाय समुद्राचं पाणी खडकात आपलं स्ट्राँशियम घुसवतं. ऑस्मियम मात्र चिपाडातच राहतं आणि रेनियम बरंचसं निघून जातं. रेनियम-१८७ चं ऑस्मियम-१८७ होतं, तेही इतक्या संथपणे की अर्धायुष्य सुमारे ४,२०० कोटी वर्षांचं. रेनियमच गेलं की ऑस्मियमचं गुणोत्तर जवळजवळ जिथल्या तिथे गोठतं; बाकीच्या प्रावरणात ते वाढत राहतं, म्हणून ते किती मागे पडलं यावरून वय काढता येतं. तत्त्व जुनंच, पण खडकात ऑस्मियम अब्जात मोजके भाग, आणि मोजणीसाठी लागणारे धन आयन द्यायला ते नाखूष. १९९०च्या सुमारास ऑक्साइडचे ऋण आयन मोजण्याची पद्धत आली. माझ्या मते या कथेची खरी नायिका तीच.

१९९८मध्ये इयन पार्किन्सन, ख्रिस हॉक्सवर्थ आणि अँथनी कोहेन यांनी आकडे छापले. ऑस्मियम-१८७ आणि ऑस्मियम-१८८ यांचं गुणोत्तर ०.११९३ ते ०.१२७३ आलं, आणि त्यावरून वय ८२ ते १२३ कोटी वर्षं! म्हणजे पट्टा जन्माला आला तेव्हा त्याच्याखालचं प्रावरण आधीच एकदा पिळलेलं होतं. ढवळणाऱ्या प्रावरणात अशा खुणा पुसल्या जातात, या समजाला तो धक्का होता. अधोगमन क्षेत्रं, म्हणजे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो त्या जागा, जुन्या, पिळलेल्या प्रावरणाची दफनभूमी असावीत, असं त्यांनी सुचवलं.

दहा वर्षांनी आर्क्टिकमधल्या गॅकेल रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेच्या पेरिडोटाइटमध्ये २०० कोटी वर्षांपर्यंतची वयं सापडली. तिथे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, अधोगमन नाहीच.